बाबासाहेबांचा कोट

कॅम्पस इंटरव्ह्यूचा सीझन आला की होस्टेलवर एकच धांदल उडते. टाय कुणाचा, ब्लेझर कुणाचा, काळे बूट कुणाचे... एकच टाय चार खोल्या फिरतो आणि शेवटी मूळ मालकालाच मिळत नाही! आणि एवढं करून तो कोट अंगात चढवला की निम्म्या पोरांचे चेहरे असे होतात, जणू दुसऱ्याच्या घरात चोरून शिरलोय. कपडे झकास, पण आतला माणूस आक्रसलेला. बाहीकडे बघ, कॉलर सारखी कर, पुन्हा बाहीकडे बघ.

ड्रेसिंग सेन्स, पर्सनॅलिटी वगैरे विषयांवर दर वर्षी आपल्या अंकात एक तरी लेख असतोच. त्यात उंच मुलांनी काय घालावं, सावळ्या रंगाला कोणता शर्ट खुलतो असा सल्ला असतो. मला त्यातलं काही कळत नाही. पण कपडे आणि आत्मविश्वास हे दोन शब्द एकत्र आले की माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस येतो. तो म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

दचकलात? फॅशन आणि बाबासाहेब? काही जण हसतील, काहींना कदाचित रागही येईल. घटना, चवदार तळे, पुणे करार, धर्मांतर हे सगळं सोडून हा कोटाबद्दल काय बोलतोय, असं वाटेल. पण मला विचाराल तर बाबासाहेबांचं अख्खं आयुष्य त्यांच्या कपड्यांच्या अंगानेही सांगता येतं, आणि ते अजिबात हलकं होत नाही. कारण आपण कपडे निवडतो ते आवडीने, फार तर खिशाकडे बघून. त्यांच्या काळात त्यांच्या माणसांनी काय घालायचं हे गाव ठरवायचं.

सुरुवात मसूर स्टेशनापासून करू.

साल साधारण १९०१. भीवा तेव्हा दहा वर्षांचा. जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले, आई वारलेली, घर साताऱ्यात. शाळेत भीवाला बसायला स्वतःचं गोणपाट घरून न्यावं लागे. वडील त्या वेळी खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल म्हणून होते. त्यांनी पोरांना सुट्टीत बोलावलं. भीवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं अशी चौघं निघाली. पहिल्यांदाच आगगाडीत बसायचं! मग तयारी काय विचारता? विलायती कापडाचे नवे शर्ट, झगमगीत टोप्या, नवे बूट आणि रेशीमकाठी धोतरं.

मसूरला गाडीतून उतरल्यावर घ्यायला कुणीच आलेलं नव्हतं, कारण पत्र वडिलांना पोचलंच नव्हतं. तास झाला. स्टेशनमास्तर चौकशीला आला. ही नटलेली, नीट बोलणारी पोरं त्याला ब्राह्मणांची वाटली. त्याने विचारलं, आणि पोरांनी सरळ सांगून टाकलं की आम्ही महार. मास्तरचा चेहरा झरकन बदलला आणि तो तिथून निघून गेला. नंतर बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी पोरांनीच हाकायची, या अटीवर एक जण कबूल झाला. गाडीवान बाजूने चालत! रात्री टोलनाक्याजवळ मुक्काम पडला. डब्यात जेवण होतं, पण पाणी नव्हतं. भीवाला उर्दू बरं येत असे. त्याने नाकेदाराला आपण मुसलमान आहोत असं उर्दूतून सांगून पाहिलं. तरी पाणी मिळालं नाही. पोरं उपाशीच झोपली.

ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली आहे, वेटिंग फॉर अ व्हिसा या छोट्याशा आठवणींत. लायब्ररीत त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या बाराव्या खंडात ती सापडेल, तासाभरात वाचून होते. मला त्यातलं सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? ते रेशीमकाठी धोतर. चांगल्या कपड्यांनी त्या पोरांना तासभर माणूस बनवलं आणि एका शब्दाने ते सगळं काढून घेतलं. दहा वर्षांच्या पोराला कपड्यांबद्दल याहून कडू धडा मिळणं शक्य नाही.

आणि काठाचं म्हणाल तर त्यालाही इतिहास आहे. बेबी कांबळे यांच्या जिणं आमुचं या पुस्तकात आलंय की महार बायकांना लुगडं नेसताना त्याचा काठ निऱ्यांत दडवावा लागे. काठ दिसला तर तो वरच्या जातीच्या बायकांचा मान घेतल्यासारखं व्हायचं. महाराष्ट्राबाहेरही तेच. १९२८ च्या सुमाराला इंदूर भागातल्या काही गावांत सवर्णांनी बलाई जातीच्या लोकांसाठी नियमच काढले होते. जरीकाठी पागोटं घालायचं नाही, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. बलाई लोकांनी नकार दिला तेव्हा त्यांचं विहिरीचं पाणी तोडलं, गुरांची चराई बंद केली. कित्येकांना पिढ्यान् पिढ्यांचं गाव सोडावं लागलं. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिव्यवस्थेवरचं आपलं गाजलेलं भाषण लिहिलं (आयोजकांनीच ते रद्द केल्यामुळे ते देता आलं नाही, मग त्यांनी स्वतः छापलं), त्यात हे उदाहरण दिलंय. धोतराच्या काठासाठी गाव सोडायचं! आपण ब्रँड बघतो, ते काठ बघत होते.

पुढची वर्षं भराभर सांगतो. १९०७ ला मॅट्रिक, मग एल्फिन्स्टन कॉलेज. घर परळच्या चाळीत, एका खोलीत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना पंचवीस रुपये स्कॉलरशिप होती म्हणून शिक्षण चाललं. एल्फिन्स्टनमधले प्रोफेसर म्यूलर त्यांना पुस्तकं देत, आणि कपडेही देत. म्हणजे कॉलेजातले त्यांचे काही कपडे दुसऱ्याने दिलेले होते. इंटरव्ह्यूसाठी मित्राचा ब्लेझर मागणाऱ्यांनी यात लाज वाटून घेण्याचं काही कारण नाही, हे जाता जाता.

१९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला कोलंबिया युनिव्हर्सिटीत पोचले. तिथेही आधी होस्टेलच! सुरुवातीला हार्टली हॉल, नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. ही मैत्री जन्मभर टिकली. न्यूयॉर्कमध्ये कोट-टाय घालणं म्हणजे काही विशेष नव्हतं, सगळेच घालत. मला वाटतं हीच तिथली मोठी गोष्ट होती. कोट घातला म्हणून कुणी वळून बघत नाही, जात विचारत नाही, बाकावर शेजारी येऊन बसतात. स्कॉलरशिपमधले पैसे वाचवून घरी पाठवायचे आणि उरले तर जुनी पुस्तकं घ्यायची, असा खर्चाचा हिशोब. त्यामुळे कपड्यांची चैन केली असेल असं वाटत नाही. पुढे लंडनला गेल्यावरचा, १९१६-१७ च्या सुमाराचा एक ग्रुप फोटो आहे, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला. प्रोफेसर आणि मित्रांत बाबासाहेब उभे आहेत. सगळे सुटात. त्या फोटोत हा माणूस वेगळा शोधावा लागतो.

आणि मग १९१७ चं बडोदं.

स्कॉलरशिपची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून ते परतले आणि करारानुसार बडोदा संस्थानात अकाउंटंट जनरलच्या ऑफिसात नोकरीला लागले. कोलंबियाचा एम. ए., लंडनला डॉक्टरेटचं काम सुरू केलेला माणूस. पण राहायचं कुठे? हिंदू हॉटेलात जात विचारणार. मग पारशी लोकांच्या एका सराईत गेले. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, तेव्हा तिथे अडचण येणार नाही असा विचार. वरच्या मजल्यावर एक छोटी खोली मिळाली. कपडे बदलायला म्हणून कोट-शर्ट काढत होते, तेवढ्यात सराईचा माणूस वही घेऊन वर आला. त्याने बघितलं तर अंगात सदरा नाही आणि कमरेला कस्ती नाही. ही दोन पारशी असल्याची खूण. झालं, पकडले गेले! सराय फक्त पारशांसाठी होती. शेवटी वहीत पारशी नाव लिहायचं या बोलीवर राहू दिलं. दिवसाला दीड रुपया भाडं. दिवसभर ऑफिस, रात्री त्या रिकाम्या, अंधाऱ्या माडीवर एकट्याने पुस्तक वाचत बसायचं.

अकराव्या दिवशी सकाळी जेवून, कपडे करून ते ऑफिसला निघणार तोच जिन्यावर पावलं वाजली. दहा-बारा पारशी, सगळ्यांच्या हातात काठ्या. सराय बाटवली म्हणून संध्याकाळपर्यंत चालते व्हा. दोन मित्रांकडे विचारलं, एक हिंदू आणि एक ख्रिश्चन. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मग कामाठी बागेत काही तास काढून रात्रीच्या गाडीने मुंबई. अमेरिकेतून शिकून आलेला, सुटाबुटातला माणूस बागेच्या बाकावर बसून रात्रीच्या गाडीची वाट बघतोय... हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही.

आता बघा, मसूरला नवे कपडे होते आणि टोलनाक्यावर उर्दू. बडोद्याला कोट होता आणि वहीत पारशी नाव. दोन्हीकडे उपयोग शून्य. दुसऱ्याच्या नावाखाली घातलेला कपडा कधी ना कधी उघडा पडतोच. एखादा माणूस इथे दोन गोष्टी करू शकला असता. कोट टाकून देऊन खाली मान घालून जगणं ही एक, किंवा आडनाव बदलून, जात लपवून कुठल्यातरी मोठ्या शहरात साहेब होऊन राहणं ही दुसरी. बाबासाहेबांनी तिसरंच केलं. कोट ठेवला आणि नाव लपवणं सोडलं. पुढे त्यांनी जे काही केलं ते महार म्हणून, अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून, चारचौघांत सांगून केलं, आणि तेही पूर्ण सुटात. माझ्या मते त्यांची स्टाईल तिथे सुरू झाली. न्यूयॉर्कमध्ये कोट मिळाला, पण तो त्यांचा झाला बडोद्यानंतर.

म्हणून लगेच जग बदललं असं समजू नका. १९१८ ला ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले, तर स्टाफमधल्या काहींनी पाण्याच्या माठावरून हरकत घेतली. पगार साठवून, काही मदत आणि काही कर्ज घेऊन १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, अर्धपोटी राहून १९२३ पर्यंत डी. एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन आले. इकडे रमाबाईंनी ती वर्षं कशी काढली त्यावर वेगळा लेख होईल. नवऱ्याचा सूट दिसतो, त्यामागचं तिचं ठिगळाचं लुगडं कुणाला दिसत नाही.

आणि १९२९ चं चाळीसगाव! अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला सरकारने नेमलेल्या कमिटीचे ते सदस्य होते. २३ ऑक्टोबरला चाळीसगावला उतरले. महारवाड्यातली माणसं स्वागताला आलेली. आपल्या पाहुण्याने पायी चालत यावं हे त्यांना बरं वाटेना, म्हणून टांगा ठरवायला गेले. एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार नाही. शेवटी टांगा द्यायचा, पण हाकणारा तुमचा आणा, अशी तडजोड झाली. ज्याने लगाम हातात घेतला त्याने उभ्या जन्मात टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब उडून खाली फरशीवर पडले, पाय मोडला आणि पुढे बरेच दिवस अंथरुणात काढावे लागले. पुढे लिहिताना त्यांनी टांगेवाल्याला शिव्या दिलेल्या नाहीत. हातावर पोट असलेला टांगेवाला एका बॅरिस्टरपेक्षा स्वतःला वरचा समजतो, ही व्यवस्था काय चीज आहे एवढं त्यांनी नोंदवून ठेवलं. सुटाने टांगा मिळत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी दुसऱ्या दौऱ्याला पुन्हा तोच सूट. मे महिन्यातसुद्धा! मी तर एकदा वर्कशॉपच्या अॅप्रनमध्ये दोन तास काढले की वैतागतो.

पण माझ्या दृष्टीने या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोठा प्रसंग त्यांच्या स्वतःच्या कपड्यांचा नाही. तो आहे महाडचा.

१९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं ते महाड. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथे पुन्हा परिषद भरली, २५ तारखेला मनुस्मृती जाळली. हे आपण शाळेत वाचलेलं असतं. परिषद संपल्यावर बाबासाहेब खास बायकांशी बोलले, हा भाग मात्र पुस्तकात दोन ओळींत आटोपतो. त्यांनी त्या बायकांना काय सांगितलं असेल? लुगडं नेसायची तुमची पद्धत बघून माणूस तुमची जात ओळखतो, ती पद्धत बदला. वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं अंगभर, घोट्यापर्यंत नेसा. गळ्यात नि हातात ढिगाने घातलेले कथलाचे, चांदीचे जड दागिने काढा, कारण तेही ओळख पटवणारे आहेत. फाटकं असलं तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. आणि मुलींना शिकवा.

रात्रभरात काय झालं असेल याचा विचार करा. टिपणीस आणि चित्रे ही बाबासाहेबांबरोबर काम करणाऱ्या सवर्ण कार्यकर्त्यांची घराणी. त्यांच्याकडच्या बायकांनी लुगडं कसं नेसायचं ते दाखवलं. आणि परत निघताना त्या बायकांची लुगडी घोट्यापर्यंत आलेली होती! कापड तेच, बाई तीच. जो काठ निऱ्यांत लपवायचा तो बाहेर आला. गावाच्या वेशीत शिरताना त्यांच्या छातीत किती धडधडलं असेल? कारण बघणारे गावातच होते. इंदूरकडच्या बलाईंचं काय झालं ते मघाशी सांगितलंच. लुगड्याची लांबी चार बोटं वाढवणं म्हणजे पाणी आणि रोजगार दोन्ही पणाला लावणं होतं. माझ्या माहितीत महाराष्ट्रात यापेक्षा मोठी फॅशन क्रांती झालेली नाही, आणि ती करणाऱ्या बहुतेक बायकांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत.

१९३० साली बाबासाहेब गोलमेज परिषदेला लंडनला गेले. दुसऱ्या परिषदेला, १९३१ मध्ये, गांधीजीही आले, पंचा आणि चादर या वेषात, आणि त्याच वेषात बकिंगहॅम पॅलेसलाही जाऊन आले. गांधीजींनी सदरा-टोपी सोडली ती १९२१ च्या सप्टेंबरमध्ये मदुरेला. देशातल्या गरिबाकडे जेवढं कापड तेवढंच आपण वापरायचं म्हणून. आमच्या खोलीत यावर एकदा रात्री दोनपर्यंत भांडण झालं होतं, खरा साधा कोण आणि इंग्रजाळलेला कोण वगैरे. मला स्वतःला त्या भांडणात अर्थ वाटला नाही. ज्याच्याकडे कपडे होते त्याने ते उतरवले, त्याला धैर्य लागलंच. पण ज्याच्या आज्या-पणज्यांना अंगभर नेसू दिलं नव्हतं, त्याने पंचा नेसून काय दाखवायचं होतं? गावाने त्याला तो आधीच नेसवून ठेवला होता. गांधीजी बॅरिस्टर असून पंचा नेसतात म्हणून जग थक्क झालं. महार पंच्यात दिसला असता तर कुणी मान वर करून बघितलंही नसतं.

बाकी सूट म्हणजे त्यांनी स्वतःवर लादलेला गणवेश होता असं मात्र नाही. घरातले लुंगी-कुडत्यातले, पुस्तकात डोकं खुपसलेले त्यांचे फोटो आहेत. दादरच्या हिंदू कॉलनीत १९३० च्या दशकात राजगृह बांधलं ते मुख्यतः पुस्तकांसाठी. बायका-पोरांइतकाच पुस्तकांचा संसार. चांगलं पेन, चांगला कोट, चांगला कुत्रा यांची त्यांना हौस होती आणि त्यांनी ती कधी दडवली नाही. गरिबांचा पुढारी म्हणून गरीब दिसलं पाहिजे, हा हिशोब त्यांना मान्य नसावा.

१९४७ ला कायदामंत्री, मग घटना समितीच्या मसुदा समितीचं अध्यक्षपद, १९५१ मध्ये हिंदू कोड बिलावरून राजीनामा. हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. या काळातल्या जवळपास प्रत्येक फोटोत सूट, टाय आणि तो गोल चष्मा.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला मात्र चित्र बदलतं. धर्मांतराच्या त्या सकाळी बाबासाहेब पांढरं धोतर आणि पांढरा कोट घालून व्यासपीठावर आले. तब्येत ढासळलेली, हातात काठी, शेजारी माईसाहेब. समोर लाखो माणसं, तीही शुभ्र कपड्यांत. धोतर नेसून आले ते. मसूरनंतर पंचावन्न वर्षांनी. आता ते बघून कुणाला काय वाटेल, कोण काय समजेल, याचा त्यांच्याशी काही संबंध उरलेला नव्हता. दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, दिल्लीत ते गेले.

त्यांचे कोट, टाय, हॅट आणि टाइपरायटर नागपूरजवळ चिचोलीला शांतिवनात जपून ठेवलेले आहेत. आमच्या गावात आणि आजूबाजूच्या सात-आठ गावांत त्यांचे पुतळे आहेत. कोट निळा, टायची गाठ नीट, खिशाला पेन. वर्गणी कमी पडली तर चौथरा लहान होतो, पुतळ्याची उंची कमी होते, पण कोटाची बटणं आणि खिशाचं पेन कुणी गाळू देत नाही. धोतरातला पुतळा मी अजून कुठे पाहिलेला नाही.